डुलकीच्या उतारावरची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. मला तीन पाय आहेत आणि त्यांतला एक आखूड आहे. तो मोडलेला नाही, किडलेला नाही, सुताराची चूकही नाही. तो मुद्दाम तसा केलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्या पायाकडे बघतो आणि चुकचुकतो. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तिवईला कान नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्यावर बसून माणसं जन्मभर बोलत आली आणि ते सगळं मी ऐकलं. कान असते तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

आता मी दमले आहे. गोष्ट सांगायची म्हटली तरी सांधे कुरकुरतात. तरी सांगते, कारण आमच्या मुलखाबद्दल बाहेर फार चुकीचं बोललं जातं, आणि त्यात थोडाफार माझाही हात आहे. म्हणजे पाय आहे म्हणा.

आमचा मुलूख लहानसा. मधे एक मोठं तळं, तळ्याभोवती तीन टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी एक गाव. तळ्याकाठी निळी माती निघते, तिची मडकी होतात. तळ्यात मासे आहेत, कडेला लव्हाळी आहेत. पण आमचं नाव झालं ते टेकड्यांवरच्या गवतामुळे. या गवताला डुलकी म्हणतात. ते कमरेइतकं उंच वाढतं, रंगाने राखाडी असतं आणि वारा नसला तरी डुलत राहतं. ते वाळवून गादीत भरलं की त्या गादीवर पाठ टेकणारा माणूस लगेच झोपतो. डोक्याला कसलाही घोर असो, सकाळी हसतमुख उठतो. खालच्या मैदानातल्या शहरांत म्हणे कुणालाच धड झोप येत नाही. त्यामुळे आमच्या गाद्यांना मागणी फार.

वाळलेली डुलकी गुणाची, पण उभी डुलकी फार वाईट. कापताना, नुसतं त्यातून धावतानाही, तिच्या तुऱ्यांतून पूड उडते. ती नाकात गेली की कापणाऱ्याचे डोळे जड होतात आणि तो तिथेच आडवा होतो. उभ्या गवतात झोपलेल्या माणसाला उचलून बाहेर आणलं तरी झोप त्याच्याबरोबर येते. उतारावर ऊन आहे तोवर तो उठला तर उठला. सावली चढून त्याच्या अंगावर आली की झोप मुरते, आणि मग वर्षं जातात. अशा माणसांसाठी गावात एक निजघर आहे. लांबलचक खोली, पांढऱ्या चादरी, खिडकीपाशी पाण्याचा घडा. नावाड्याचा थोरला भाऊ तिथे आहे. नावाडी नेमाने जातो, त्याची चादर बदलतो आणि गावातल्या बातम्या सांगतो. झोपला तेव्हा तो थोरला होता. आता नावाडीच त्याच्यापेक्षा म्हातारा दिसतो.

म्हणून आमच्याकडे कापायला एकटं कुणी जात नाही. दोघी जातात. एक कापते आणि दुसरी बोलते. बोलणारीला बोलकी म्हणतात. वारा जिकडून येतो त्या बाजूला ती बसते आणि कापणारीला जागं ठेवते. तेवढंच तिचं काम. हसू नका. आमच्या आधीच्या लोकांनी तोंडाला फडकी बांधून पाहिली, भोंगे वाजवून पाहिले. फडक्यातून पूड जाते आणि भोंग्याची कानाला सवय होते. माणसाच्या बोलण्याची सवय होत नाही, निदान बोलणारा हुशार असेल तर.

बोलकी दिवसभर उभी राहू शकत नाही, म्हणून तिला तिवई लागते. माझा जन्म असा झाला. सुताराने तळ्याकाठी पडलेल्या एका झाडाच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा माझे तिन्ही पाय सारखे होते. मग तो मला घेऊन ज्या बाईसाठी मी होते तिच्या उतारावर आला. मला तिथे ठेवलं, माझ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, आणि पाणी सांडायचं थांबेपर्यंत तो माझा वरच्या बाजूचा पाय तासत राहिला. मला दुखलं. पण पाणी स्थिर झालं तेव्हा सुतार म्हणाला, "आता ही या उताराची झाली. दुसरीकडे कुठे हिला बसवू नका, पडाल."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्या एका उतारावर मी पाटासारखी सपाट. सपाट जमिनीवर आणली की कलंडते.

जिच्यासाठी मला केलं ती एका घरातली आई होती. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा गाद्यांच्या कारखान्यात गाद्या भरायचा, आणि घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत हटकून गवताची काडी असायची. मुलगी कापणारी. तिच्यासारखा विळा तिन्ही टेकड्यांवर कुणाचा चालत नसे. आई तिची बोलकी होती, आणि खोटं बोलावं तर त्या आईनेच.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. बोलकीने खरं सांगून चालत नाही. खरं ऐकलं की माणूस मान डोलावतो, आणि मान डोलायला लागली की पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पण कुणी धडधडीत चुकीचं सांगितलं की ऐकणारा तडकतो. त्याला राहवत नाही. तो खोडून काढतो, आणि तडकलेल्या माणसाला झोप येत नाही.

"आपल्या मुलखात पहिली माणसं आली ती घोड्यांवरून," आई माझ्यावर बसून सुरुवात करायची.

"बैलगाड्यांतून," मुलगी विळा चालवत म्हणायची.

"घोडे होते. पांढरे."

"आई, बैल होते. मिठाच्या गाड्या ओढणारे बैल. त्यांनी हे गवत खाल्लं आणि झोपले. लोक म्हणाले, बैल उठेपर्यंत थांबू. बैल काही उठले नाहीत आणि गाव वसलं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मग तळ्याकाठी नाल सापडले ते कुणाचे?"

"कुणाला सापडले? मला दाखव बरं तो माणूस."

अशी दिवसभर जुंपायची. राणीची गोष्ट तशीच. मैदानातल्या एका राणीला झोप येत नव्हती, तिच्यासाठी आमच्याकडे पहिली गादी भरली गेली. आई म्हणायची, राणी नव्हे, राजा होता आणि त्याला झोप नको होती. एकदा आमच्यावर सैन्य चालून आलं होतं. त्यांनी टेकडीवर गवतात तळ ठोकला आणि सगळं सैन्य झोपी गेलं. गावकऱ्यांनी त्यांचे भाले गोळा करून परसांना कुंपणं घातली. ती कुंपणं अजून आहेत. पण आई सांगायची की आपण लढलो आणि हरलो. मुलगी इतकी चिडायची की तिच्या पुढची आख्खी पट्टी कापून व्हायची आणि तिला कळायचंही नाही.

आमच्या मुलखाचा सगळा खरा इतिहास असा कुणीतरी चिडून सांगितलेला आहे. मी तो खालून ऐकत असे. मलाही चीड यायची, पण तिवईने बोलावं कसं?

टेकडीवरचा आणखी एक नियम होता. टेकडीवरचं बोलणं धरायचं नाही. तिथे कुणी काहीही बोललं तरी ते पायथ्याच्या कुंपणापाशी सोडून यायचं, घरात आणायचं नाही. दिवसभर एकमेकींना लबाड म्हणून झालेल्या मायलेकी संध्याकाळी एका ताटात जेवायला बसायच्या. ते माझे चांगले दिवस होते. दुसऱ्या उतारांवरच्या बोलक्या दुपारच्या सुट्टीत मला बघायला यायच्या. माझ्यावर थोडा वेळ बसून घ्यायच्या, म्हणजे म्हणे जिभेला धार येते. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढे मुलाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. अंगाने बारीक, बोलायला मऊ आणि खोटं बोलायला अगदीच कच्ची. मीठ जास्त पडलं तर विचारायच्या आधीच सांगून टाकायची. नणंदेचं आणि तिचं तेव्हा बरं चाललं होतं.

मग आई आजारी पडली. कापणीचे दिवस होते. मुलीबरोबर बोलायला कुंभारीण जाऊ लागली. ती उभ्यानेच बोलायची, त्यामुळे मी घरी राहिले. आईच्या खाटेशेजारी मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि माझ्यावर औषधाची वाटी असायची. वाटी घसरू नये म्हणून वहिनी एका हाताने मला धरून बसायची.

त्या घराच्या ओट्यावरून आमचा उतार समोर दिसतो. जोरात हाक मारली तर वर ऐकू जाते. एका दुपारी आईचा श्वास बदलला. वहिनी घाबरून उठली आणि ओट्याकडे धावली.

"थांब," आई म्हणाली. "तिला हाक मारू नकोस."

"आई, बोलावते ना. लगेच येतील त्या."

"येईलच. विळा टाकून सरळ गवतातून धावत सुटेल. कुंभारणीला पळवत नाही. मग धावताना तिच्याशी बोलणार कोण?" आईला धाप लागली. "मी जातेच आहे. तिला निजघरात घालून जाऊ का?"

वहिनी तरीही ओट्यावर गेली. मला दारातून तिची पाठ दिसत होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं असावं, कारण तिचे खांदे वर गेले. मग ते खाली आले. ती परत आली आणि आईचा हात धरून बसली. वाटी घसरून पडली, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मुलगा कारखान्यातून येईपर्यंत आई गेली होती. मुलगी त्याच्याही नंतर, कापलेल्या वाटेने सावकाश आली.

"मला हाक का मारली नाहीस?" तिने वहिनीला विचारलं.

"वन्सं, आई म्हणाल्या..."

"आईचं नाव घेऊ नकोस. तू मला हाक मारली नाहीस, एवढंच मला कळतं."

वहिनी गप्प झाली. गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं होईल, असं तिला वाटलं असावं. आणि जिला आपल्याबद्दल असं वाटू शकतं तिला काय समजावायचं, असंही वाटलं असेल. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला. खरं काय घडलं ते ठाऊक असलेली घरात दोनच जणं, असं मी धरून चालले, एक वहिनी आणि एक मी.

पण गवत कुणासाठी थांबत नाही. कुंभारणीला तिची भट्टी होती. दुसरी बोलकी मिळेना. शेवटी मुलाने, म्हणजे भावाने, जेवताना खाली मान घालून म्हटलं, "घरातच एक माणूस आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने मला काखेत मारलं आणि नणंदेच्या मागे टेकडी चढली.

घरात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघी टेकडीवर दिवसभर बोलू लागल्या. इलाजच नव्हता. वहिनी गप्प बसली तर नणंद झोपणार. पहिल्या दिवशी वहिनीला खोटं सुचेना. ती म्हणाली, "बैल होते ना, ते काळे होते." नणंद म्हणाली, "कुणाला माहीत." मग वहिनीने जीव एकवटून सांगितलं की बैल नव्हतेच, उंट होते, आणि नणंद तडकली. हळूहळू ती शिकली. आईसारखी ठोकून द्यायची नाही, बारीक चिमटे काढायची. पण कापणी व्हायची, आणि नणंद रोज आपल्या पायांनी घरी यायची.

कुंपण ओलांडलं की पुन्हा दोघींची तोंडं शिवलेली. घरात त्या माझ्याशी बोलत.

"तिवई," नणंद म्हणायची, "कुणीतरी दार लावलं तर वारा आत येणार नाही."

"तिवई," वहिनी चुलीपुढून म्हणायची, "ज्यांना वारा लागतो त्यांनी शाल घ्यावी."

"तिवई, भाजीत मीठ आहे का म्हणून विचार."

"तिवई, मीठ जागेवर आहे म्हणून सांग."

भाऊ म्हणायचा, "घरात आम्ही तीन माणसं, आणि सगळी तिवईशी बोलतात." तो हसून म्हणायचा, पण त्याला त्याचं वाईट वाटायचं. मलाही वाटायचं. वर्षानुवर्षं इतके निरोप माझ्यावर टाकले गेले आणि मी एकही पोचवला नाही.

मग मागणी वाढली. मैदानातल्या शहरांत म्हणे दिवे विझेनासे झाले, माणसं पाळीपाळीने कामाला जाऊ लागली आणि कुणाचीच झोप जागेवर राहिली नाही. गाद्या नेणारा अडत्या दर फेरीला जास्त गाद्या मागू लागला. पूर्वी आम्ही वर्षाला एकदाच कापायचो आणि तिन्हींपैकी एक टेकडी आळीपाळीने मोकळी ठेवायचो, तिला विसावा म्हणून. आता तिन्ही टेकड्या कापू लागलो, आणि वर्षातून दोनदा. गवत विरळ येऊ लागलं. विरळ गवत कापायला चालणं जास्त. अडत्या वाईट माणूस नव्हता. तोही जांभया देत यायचा आणि जांभया देत जायचा.

कापणाऱ्यांचे खांदे गेले, बोलक्यांचे गळे बसले. भाऊ दिवसभर झोपेच्या गाद्या भरून घरी यायचा आणि चटईवर तळमळत पडायचा, कारण घरात डुलकीची एकही गादी नव्हती. सगळ्या खाली जायच्या. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते. खरं आपसूक तोंडातून येतं, खोटं रचावं लागतं. दमलेल्या माणसाला ते जमत नाही.

दुसऱ्या कापणीचे दिवस होते. दुपार कलत आली होती. वहिनीला खोकला झाला होता. ती माझ्यावर बसली, पण तिचं वजन नेहमीपेक्षा जास्त लागत होतं, दमलेल्या माणसाचं लागतं तसं. तिने डोळे मिटले आणि बोलायला लागली.

"आपल्या मुलखात पहिली माणसं आली ती बैलगाड्यांतून."

विळ्याचा आवाज चालू होता.

"मिठाच्या गाड्या होत्या," वहिनी म्हणाली. "बैलांनी गवत खाल्लं."

"हं," नणंद म्हणाली.

मी खालून जीव तोडून सांगत होते, घोडे म्हण, अगं, निदान उंट तरी म्हण. पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

"बैल झोपले. लोक म्हणाले, उठेपर्यंत थांबू."

"हं."

"मग गाव वसलं," वहिनी म्हणाली. सगळं बरोबर सांगितलं होतं तिने, एक शब्द चुकला नव्हता. पुढचा हुंकार आला नाही. विळ्याचा आवाजही थांबला होता. वहिनीला ते कळायला थोडा वेळ गेला, कारण ती स्वतःच अर्धवट पेंगत होती. कळलं तेव्हा ती उठली, ओलं फडकं तोंडाला लावून गवतात शिरली आणि नणंदेला काखांत धरून ओढत कापलेल्या पट्टीवर घेऊन आली. एवढीशी बाई, कुठून जोर आला कोण जाणे. मग तिने ओरडून शेजारच्या उतारावरच्या बायकांना बोलावलं.

बायका जमल्या. कुणीतरी कारखान्यात धावलं, आणि भाऊ केसांतल्या काडीसकट धापा टाकत आला. नणंद शांत झोपली होती. कपाळावर एक आठी नव्हती. मी तिला इतकी मोकळी कधी पाहिली नव्हती.

"अगं, ऊठ," भाऊ म्हणाला. त्याने तिचे खांदे हलवले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की असा झोपलेला माणूस उठला तर एकाच आवाजाने उठतो. जो आवाज त्याच्या कानात सगळ्यात जास्त बसलेला असतो त्या आवाजाने.

"आई असती तर," कुंभारीण म्हणाली.

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी नणंदेच्या उशाशी बसली होती. तिने "वन्सं, वन्सं" करून पाहिलं, हात चोळले, रडली. तिच्या रडण्याने काही झालं नाही. रडणं खरं होतं. समोरच्या टेकडीची सावली तळं ओलांडून आमच्या उतारावर चढायला लागली होती.

मग वहिनीने डोळे पुसले, मला ओढून नणंदेच्या कानाजवळ ठेवलं आणि माझ्यावर बसली.

"घोडे होते, वन्सं," ती म्हणाली. "पांढरे घोडे."

नणंद हलली नाही.

"राणी कसली, राजा होता. आपण लढलो आणि हरलो. ती कुंपणं भाल्यांची नाहीतच, काठ्यांची आहेत."

नणंदेची एक पापणी जराशी हलली आणि पुन्हा पडली. या सगळ्या लबाड्या तिच्या कानाला सवयीच्या झाल्या होत्या, पूर्वीच्या भोंग्यासारख्या. वहिनीकडे दुसरं काही उरलं नव्हतं. सावली कापलेल्या पट्टीच्या खालच्या टोकाला येऊन लागली होती.

"वन्सं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज स्थिर होता. "आई गेल्या त्या दिवशी मी तुम्हाला मुद्दाम हाक मारली नाही."

बायका जवळ सरकल्या.

"आई सारख्या म्हणत होत्या, तिला बोलाव, तिला बोलाव. मला तुमचा राग होता. तुमची नि त्यांची भेट होऊ नये असं मला वाटलं. म्हणून मी घरात गप्प बसून राहिले."

भावाचा चेहरा पांढरा पडला. त्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं. कुंभारणीने तोंडावर हात ठेवला. सगळ्या गावासमोर ती बाई आपल्या हाताने आपल्या तोंडाला काळं फासत होती. ते पुसून काढू शकेल असं तिथे कुणी नव्हतं. मी होते, पण मी लाकूड. मला आयुष्यात माझ्या लाकूडपणाचा इतका राग कधी आला नाही.

"आई रडत होत्या तुमच्यासाठी," वहिनी पुढे म्हणाली, "आणि मी..."

"खोटं," नणंद म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. आवाज चिखलातून आल्यासारखा जड होता.

"खरं आहे," वहिनी म्हणाली. ती थांबली नाही. शहाणी बाई. "बोलाव म्हणून हात जोडत होत्या."

"खोटं बोलतेस. आई कुणापुढे हात जोडणारी बाई नव्हती. तिनेच तुला अडवलं असणार. मी धावत सुटेन म्हणून."

"मी घरातून हललेसुद्धा नाही."

"तू ओट्यावर आली होतीस," नणंद म्हणाली आणि तिने डोळे उघडले. "मी पाहिलं तुला. तू हाक मारायला तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला तेव्हाच सगळं कळलं."

सावली तिच्या पायांपर्यंत आली होती. भावाने तिला उचलून उन्हात बसवलं. वहिनी मात्र माझ्यावरून उठली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"मग एवढी वर्षं?"

नणंद तळ्याकडे बघत राहिली. "कळलं, आणि तरी मी कापत राहिले," ती म्हणाली. "धावले असते तर झोपले असते. म्हणून कापत राहिले. आई तर गेली. मग मी रागवायचं कुणावर? घरात तूच होतीस."

वहिनीने तिच्या दंडावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात. मग तिला मिठी मारली. मग दोघी रडल्या, आणि त्या रडण्याने कुणाला झोप आली नाही.

पण मित्रांनो, माझा जीव अजून खाली पडला नव्हता. टेकडीवरचं बोलणं धरायचं नाही, हा आमचा नियम. कुंपणापाशी ते सोडून यावं लागतं. भावाने मला उचललं आणि आम्ही चौघं खाली आलो. कुंपण ओलांडलं आणि दोघी गप्प झाल्या. ओट्यापर्यंत गप्पच. भावाने मला नेहमीच्या जागी ठेवलं, मी नेहमीसारखी कलले, आणि तो हळूच बाजूला झाला. वहिनी चुलीपाशी गेली. नणंद माझ्याकडे वळली.

"तिवई," तिने सुरुवात केली.

मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

नणंद थांबली. तिने मान वळवून चुलीकडे पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ही तिवई कलते. हिच्या पायाखाली घालायला काहीतरी दे."

वहिनीने सरपणातून एक ढलपी काढली. नणंदेने ती विळ्याने तासली, माझ्या आखूड पायाखाली घातली आणि हाताने दाबून पाहिलं. मी कलले नाही. पाय तासल्यापासून सपाट जमिनीवर मी पहिल्यांदाच सरळ उभी राहिले. इतकं सोपं होतं ते, आणि इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. भावाने माझ्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली. पाणी सांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली एकही बोलकी टेकडीवर गेली नाही. अडत्या आला तेव्हा त्याला सांगितलं की आमच्याकडचं खोटं संपलं आहे, वर्षाला एकाच कापणीपुरतं उरतं. तो कुरकुरला, पण मग ओट्यावर बसल्या बसल्या त्यालाच झोप लागली. दुसरी कापणी बंद झाली. एक टेकडी पुन्हा आळीपाळीने मोकळी राहू लागली. आणि पुढच्या वर्षीची पहिली गादी भावाने घरी आणली.

त्यानंतरही त्या दोघी बरीच वर्षं मला घेऊन टेकडीवर गेल्या. आता दोघींचे गुडघे गेले. उतारावर नवी तिवई आहे. मी स्वयंपाकघरात असते, माझ्या ढलपीवर. माझं लाकूड भेगाळलं आहे, बसणाऱ्याला टोचतं. घरात नवीन आलेलं कुणीतरी मला सरपणात टाकायला निघालं होतं, तेव्हा नणंद आणि वहिनी दोघी एकदमच ओरडल्या. मग आधी कोण ओरडलं यावरून त्यांचं संध्याकाळपर्यंत चाललं होतं.

मित्रांनो, मी दमले आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. तुमच्या घरात एखादी वस्तू हलत असेल तर तिला टाकू नका, तिच्या पायाखाली काहीतरी घाला. आणि घरात एखादं माणूस गप्प झालं असेल तर त्याच्याजवळ बसा आणि काहीतरी चुकीचं बोला. खोडून काढायला का होईना, ते तोंड उघडेल.

आणि हो, बैलच होते. घोडे कधीच नव्हते. इतकी वर्षं मला हे सांगायचं होतं.